कोपर्निकस मार्गावरील दसरा

आमची एक आतेबहीण न्यू जर्सीत राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्यास आता बारा वर्षे झाली. परंतु पत्र लिहिण्याची तिची जुनी हौस काही सुटलेली नाही. पूर्वी पत्र कागदावर येई, आता ते फोनवर येते, एवढाच काय तो फरक. २०२४ च्या नोव्हेंबरात तिचे असेच एक लांबलचक पत्र आले. तिकडच्या 'थँक्सगिव्हिंग'च्या सुटीत ती मुलांना घेऊन न्यूयॉर्क शहरात गेली होती. मेसीच्या दुकानाची ती प्रसिद्ध मिरवणूक तिने पाहिली, घरांएवढे उंच फुगे पाहिले, थंडीत हात चोळीत गरम चॉकलेट घेतले आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी जेवावयास गेली. जेवणापूर्वी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने, आपण यंदा कशाबद्दल कृतज्ञ आहोत, ते एकेका वाक्यात सांगितले. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, "दादा, मुले विचारतात, की इंडियात असा दिवस कोणता? मला सांगता येईना. तू लिही."

आम्ही पडलो सरकारी कारकून. आलेल्या पत्रास उत्तर देणे हा आमचा धर्म आणि ते शक्य तितके लांबवणे हा आमचा पिंड! उत्तर देण्यापूर्वी पूर्वपीठिका पाहावी म्हणून आम्ही थोडे वाचन केले. १६२१ साली प्लिमथ येथे नव्याने वसलेल्या इंग्रज लोकांनी पहिले पीक हाती आल्यावर वाम्पानोआग जमातीच्या लोकांसह तीन दिवस मेजवानी केली, ती या सणाची मूळ कथा. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने हा दिवस सर्व देशाने पाळावा असे जाहीर केले. पुढे १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरातील चौथा गुरुवार मुक्रर झाला. ती मिरवणूक १९२४ पासूनची. आणि १९७० पासून त्याच प्लिमथ गावी तेथील मूळ रहिवासी त्याच गुरुवारी दुखवट्याचा दिवस पाळतात, हेही वाचनात आले. म्हणजे एकाच दिवशी एक जण आभार मानतो आणि दुसरा गेलेल्याचा शोक करतो. या गोष्टीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पण बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर काही त्यातून निघेना.

खरी अडचण निराळीच होती. आपल्या भाषेत आभार मानण्याची जागा घरात नाहीच. ती सभेत आहे. कार्यक्रमपत्रिकेवरील अगदी शेवटची बाब म्हणजे आभारप्रदर्शन. त्या वेळी निम्मे श्रोते चपला शोधीत असतात आणि उरलेले चहाकडे पाहत असतात. घरात आईने ताटात भाकरी वाढली आणि मुलाने 'आभारी आहे' म्हटले, तर आई त्याच्या कपाळास हात लावून ताप तर नाही ना, हे पाहील. असे आपले लोक. तेव्हा आमच्याकडे असा दिवस नाही, असे लिहून प्रकरण निकाली काढावे, अशी टिपणी आम्ही मनातल्या मनात तयार केली. पण पत्र लिहून झाले नाही आणि वर्ष सरत आले. त्यानंतर जे घडले ते येथे सांगावयाचे आहे.

आमची कचेरी मंडी हाउसच्या चौकापासून फार दूर नाही. त्यामुळे त्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गाशी आमचा रोजचा परिचय आहे. दिल्लीतील मराठी माणसास हा रस्ता काहीसा आपला वाटतो. महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू याच मार्गावर. २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी 'सदन' म्हणजे हेच. चौकापाशी रवींद्र भवन, १९६१ साली बांधलेले. तिथे साहित्य, संगीत-नाटक आणि ललितकला या तिन्ही अकादम्या एका छपराखाली नांदतात. पुढे दूरदर्शनची उंच इमारत, श्रीराम भारतीय कला केंद्र, १९७१ पासूनचे कमानी सभागृह. आणि इंडिया गेटच्या टोकाशी बडोदे नरेशांसाठी लटयन्सने उभारलेले बडोदा हाउस, ज्यात आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. इंग्रजी अमदानीत हाच रस्ता लिटन रोड म्हणून ओळखला जात असे. पृथ्वी स्थिर नसून ती फिरते, असे १५४३ साली छापून सांगणाऱ्या पोलंडच्या ज्योतिषाचे नाव आता त्यास आहे. आम्ही मात्र या फिरत्या पृथ्वीवर, त्याच रस्त्याने, नऊ वर्षे एकाच टेबलाशी जाऊन बसत आहो, हा निसर्गाचा चमत्कारच म्हणावयाचा!

२०२५ च्या भाद्रपदात आमचे वडील दिल्लीस आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. धाराशिव जिल्ह्यात सीनेच्या काठी आमची तीन एकर जमीन आहे. ती अण्णा आणि आमचा धाकटा भाऊ पाहतात. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सरकारी आरोग्य योजनेच्या आमच्या कार्डावर त्यांचे नाव आहे, तेव्हा शस्त्रक्रिया इथेच करावी, असे ठरले. आजवर त्यांना दिल्लीस या म्हणून आम्ही कितीदा तरी विनवले असेल. पण पेरणी, खुरपणी, काढणी, अशी त्यांची उत्तरे ठरलेली. या खेपेस डोळ्याने त्यांचा निरुपाय केला. येताना त्यांनी धोतराच्या दोन पानांत गुंडाळलेल्या कपड्यांखेरीज दोनच वस्तू आणल्या होत्या. एका फडक्यात बांधलेले सात धान्यांचे बी आणि एका पिशवीत शेरभर काळी माती.

"माती कशाला, अण्णा?" आम्ही विचारले.

"नवरात्र इथंच गाठणार मला," ते म्हणाले. "घट बसवायला माती नको? दिल्लीची माती कशी असंल, कोणाला ठाव!"

शस्त्रक्रिया उत्तम झाली. सोमवारी, २२ सप्टेंबरला, घटस्थापना होती. आमच्या रामकृष्णपुरमच्या सरकारी खोल्यांत देवघर म्हणजे भिंतीतील एक कोनाडा. त्याखाली अण्णांनी परडी ठेवली, तीत ती माती पसरली, बी पेरले, मधोमध पाण्याने भरलेला कलश बसवला आणि वर माळ सोडली. आमच्या सात वर्षांच्या मुलीने माती हातात घेऊन पाहिली. कुंडीतील मातीखेरीज दुसरी माती तिने पाहिलेली नव्हती. "आबा, ही इतकी काळी कशी?" तिने विचारले. "खाऊन-पिऊन सुखी हाय," आबा म्हणाले.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. मराठवाड्यात त्या दिवसांत काय पाऊस झाला, तो सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. सीनेचे पाणी आमच्या शेतात शिरले होते. काढणीस आलेले सोयाबीन बुडाले. गोठा रिकामा करून जनावरे वरच्या अंगास नेली म्हणून ती वाचली. परंतु नदीलगतच्या एका एकरावरून पाण्याचा लोंढाच गेला आणि वरचा मातीचा थर घेऊन गेला. भाऊ म्हणाला, "दादा, खाली मुरूम दिसायला लागलाय." सरकारी कागदांत यास 'खरडून गेलेली जमीन' असे म्हणतात. असे शब्द आम्ही रोजच्या रोज टिपणीत लिहीत असतो आणि लिहिताना आमची लेखणी कधी अडखळत नाही. त्या रात्री मात्र ते तीन शब्द आम्हांस अख्खी रात्र पुरले.

अण्णांना हे सांगावयाचे नाही, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले. डॉक्टरांनी डोळ्यास ताण देऊ नका, वाकू नका, डोळे चोळू नका, असे बजावले होते. रडू येईल असे काही कानी घालू नका, हे डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. ती भर आमची. डोळ्यास ताण नको म्हणून दूरदर्शनसंच बंद ठेवला. वर्तमानपत्र आम्ही कचेरीत वाचू लागलो. अण्णांचा फोन 'दुरुस्तीला' म्हणून आमच्या पेटीत गेला. आणि त्यांच्या मनात दुसरा काही विचार येऊ नये म्हणून रोज संध्याकाळी त्यांना कुठे ना कुठे फिरावयास न्यावे, असा आम्ही बेत केला.

वाचकहो, दिल्लीस नवरात्राच्या दिवसांत पाहण्यासारखे थोडे नसते! चित्तरंजन पार्कातील दुर्गापूजेचे मांडव झाले. लाल किल्ल्यापुढील मैदानावरची रामलीला लांबून झाली. इंडिया गेटजवळ राष्ट्रीय समर स्मारक झाले. तेथील भिंतींवर कोरलेल्या नावांत अण्णांनी आपल्या बाजूची आडनावे शोधली. एका संध्याकाळी कोपर्निकस मार्गावर कला केंद्राच्या हिरवळीवरील रामलीला पाहिली. १९५७ पासून दर वर्षी ते लोक नृत्यनाट्याच्या रूपाने सारे रामायण एका बैठकीत दाखवतात. तिकिटाचा दर पाहून आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहिले. त्यांनाही सारे ठाऊक होते. अण्णांना नव्या डोळ्याने पाहावयाचे होते. धनुष्यभंग, वनवास, सीताहरण, सारे ते स्तब्ध बसून पाहत होते. आम्ही रंगमंचाकडे न पाहता त्यांच्याकडेच पाहत होतो. परतताना बडोदा हाउस दाखवून आम्ही सयाजीराव गायकवाडांची हकीकत सांगितली. १८६३ साली नाशिककडील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तो हाच. अण्णा म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरी पोरं दत्तक जायलाच जन्मतात बघ. कोण बडोद्याला, कोण दिल्लीला."

ते हसतच म्हणाले; पण आमचे पाऊल क्षणभर अडखळले. बार्शीस आमच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी अण्णांनी बैलांची एक खोंड-जोडी विकली होती. त्याबद्दल आम्ही त्यांना आजवर एक शब्दही बोललो नव्हतो. तशी आपल्यात पद्धत नाही, हे वर सांगितलेच आहे.

दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरला आला. गांधीजयंतीही त्याच दिवशी. कारकुनाच्या दृष्टीने ही मोठी हानी. पंचांगाने दोन सुट्यांचा एकाच दिवशी चुराडा केला. सकाळी अण्णांनी घट उठवला. दहा दिवसांत कोंभ वीतभर वाढले होते. उन्हावाचून उगवलेले, म्हणून पिवळसर. त्यांतला एक तुरा त्यांनी आमच्या टोपीत खोवला, एक नातीच्या वेणीत, एक स्वतःच्या फेट्यात. टोपी आमच्याकडे नव्हतीच. त्यांनी आपली जुनी गांधी टोपी आमच्या डोक्यावर चढवली. सोने लुटावयास आपट्याची पाने हवीत. आमच्या वसाहतीच्या बागेत कचनारचे झाड आहे; त्याची पाने तशीच जोडपानासारखी दुभंगलेली. दिल्लीतील आम्ही मराठी लोक तीच वाटतो. अण्णांनी एक पान बोटांत धरून नव्या डोळ्याजवळ नेले.

"हा आपटा न्हवं," ते म्हणाले.

"नाही, मामंजी," सौभाग्यवती ओशाळून म्हणाल्या. "इथे याला कचनार म्हणतात. आपल्याकडचे कांचन."

"मग बरोबरच हाय की. कांचन म्हंजे सोनंच."

आणि त्यांनी नातीला कौत्साची गोष्ट सांगितली. गुरूने मागितलेली चौदा कोटी नाणी फेडण्यासाठी कौत्स रघुराजाकडे गेला. रघूचा खजिना रिकामा. रघू कुबेरावर चालून जाणार म्हणून कुबेराने रातोरात सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतली, वरचे घेईना. रघूही घेईना, कारण ते कौत्सासाठी आलेले. मग ते ढीग गावाने लुटले. "म्हंजे सोनं दोघांनाबी नको होतं?" मुलीने तिच्या आजोबांच्याच बोलीत विचारले. अण्णा म्हणाले, "ज्याचं देणं त्याला दिलं, की उरलेलं कोणाचंच नसतं. ते वाटायचं असतं."

दुपारनंतर दिल्लीत पाऊस आला. ठिकठिकाणचे कागदी रावण जळण्यापूर्वीच भिजून वाकले. पाऊस थांबल्यावर आम्ही सीमोल्लंघनास निघालो. मेट्रोने कालकाजी मंदिर, तिथून गाडी बदलून मंडी हाउस. सदनाच्या जुन्या वास्तूपाशी ओळखीची दोन-चार कुटुंबे भेटतात, सोने देणे-घेणे होते, हा आमचा नऊ वर्षांचा रिवाज. परडीही आम्ही पिशवीत घेतली होती. घटाची माती विसर्जन करावयाची असते. पण यमुनेचे सध्याचे रूप पाहता तिच्यात काही टाकणे जिवावर येते. तेव्हा या रस्त्यावरील एखाद्या झाडाच्या बुंध्याशी माती घालावी आणि वर पाणी सोडावे, असा बेत होता.

सोने वाटून झाले. ओली पाने, ओला रस्ता, दिव्यांचे ओघळ. चालता चालता आम्ही अण्णांना या रस्त्याच्या जुन्या नावाची गोष्ट सांगू लागलो. कारण बोलणे थांबले की आम्हांस भीती वाटे. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटनने याच दिल्लीत मोठा दरबार भरवला, राजेरजवाडे जमवले, मेजवान्या दिल्या. त्याच वेळी दक्षिणेत आणि आपल्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातांनी काढलेल्या सुताची जाडीभरडी वस्त्रे घालून गेले आणि त्यांनी हिंदी लोकांच्या हक्कांचे मागणे मांडले.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "दुष्काळाचं त्या दरबारात कोणी बोललं न्हाई?"

"सोहळ्यात असली गोष्ट कोण काढतो?" आम्ही म्हणालो.

ते काहीच बोलले नाहीत. एका झाडापाशी आम्ही थांबलो. सौभाग्यवतींनी परडी काढली आणि म्हणाल्या, "मामंजी, तुमच्या हाताने घाला." अण्णांनी परडी घेतली. तीतले उरलेले कोंभ त्यांनी हलक्या हाताने उपटून झाडाच्या मुळाशी ठेवले. माती मात्र त्यांनी खांद्यावरील पंचा काढून त्यात ओतली आणि गाठ मारली.

"मामंजी, माती विसर्जन करायची असते ना?"

"पाण्यात पुष्कळ गेली, सूनबाई," अण्णा म्हणाले. "ही ऱ्हाऊ द्या."

आम्ही रस्त्याकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने आम्ही विचारले, "तुम्हांला कोणी सांगितले?"

"कोणी सांगायला कशाला पायजे? दहा दिवस गावाकडनं कोणाचा फोन न्हाई. आन् तू कामावरनं आला, की मला घेऊन निघतो. आज देवी, उद्या लीला. अरे, एवढी हौस तुला कधी होती?" मग थोडे थांबून, "नदीकडचं गेलं का?"

"एक एकर. वरचा थर."

"आन् जनावरं?"

"वाचली."

त्यांनी मान हलवली. डोळ्यास हात नेला आणि डॉक्टरांची आज्ञा आठवून तो तसाच खाली घेतला. आमच्या सर्व युक्त्या, बंद केलेला संच, पेटीत लपवलेला फोन, महाग तिकिटे, एका क्षणात आम्हांस फार क्षुद्र वाटू लागल्या. दहा दिवस त्यांनी आमच्याकरिता सोहळे पाहिले होते, आम्ही त्यांच्याकरिता दाखवले होते आणि बोलावयाची गोष्ट दोघांनीही काढली नव्हती. लिटनच्या दरबारास नावे ठेवणारे आम्ही, आमचाही एक लहानसा दरबार दहा दिवस भरलेला होताच की! त्या झाडाखाली उभे राहून आम्ही अण्णांना वाकून नमस्कार केला. दसऱ्याला थोरांच्या पाया पडतात. त्यात विशेष काही नाही. परंतु त्या खोंडांच्या जोडीचा नमस्कार आम्ही करीत होतो, हे आमचे आम्हांस ठाऊक. अण्णांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ. टोपी ओली झाली."

कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. आपल्याकडे तिला नवान्न पौर्णिमाही म्हणतात. नवे धान्य देवास दाखवून मग खावयाचे. त्या रात्री आम्ही दूध आटवले. नवे धान्य नव्हते. अण्णांनी फडक्यात उरलेल्या बियांतले चार दाणे देवापुढे ठेवले आणि पुन्हा फडक्यात बांधले. दोन दिवसांनी ते गावी गेले. पंचातील माती त्यांनी कपड्यांच्या गाठोड्यात, मधोमध ठेवली. गाडी सुटेपर्यंत ते आम्हांस शेताबद्दल नव्हे, मुलीच्या शाळेबद्दल विचारीत होते.

पुढे बरेच दिवस जमिनीस वाफसाच येईना. पंचनामा झाला. २७ नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी अण्णांचा फोन आला. दोन एकरांत हरभरा पेरला, उगवण बरी आहे. नदीकडच्या एकरात तळ्यातला गाळ आणून टाकावा लागेल. त्यास दोन-तीन वर्षे लागतील. "आन् ती दिल्लीची माती तिथंच टाकली," ते म्हणाले. शेरभर मातीने एकर भरत नाही, हे आमच्यापेक्षा त्यांना अधिक कळते. आम्ही त्यावर काही विचारले नाही. गाळाच्या खर्चापैकी आपल्याकडून किती पाठवता येईल, तेवढे मात्र सांगितले. ते "बरं" म्हणाले.

त्याच दिवशी न्यू जर्सीहून बहिणीचा संदेश आला. ती मुलांना घेऊन पुन्हा ती मिरवणूक पाहावयास निघाली होती आणि वर्षाची थकबाकी म्हणून आमच्या उत्तराची तिने आठवण करून दिली होती. त्या रात्री आम्ही तिला लिहिले: आमच्याकडे असा दिवस आहे. त्या दिवशी आम्ही कोणाचे आभार मानीत नाही. घराबाहेर पडतो, शीव ओलांडतो आणि थोरांच्या हाती एक पान देऊन त्यांच्या पाया पडतो. तुझ्या मुलांना सांग, की त्या पानाला आम्ही सोने म्हणतो. आपट्याचे मिळाले नाही, तर कांचनाचेही चालते.

मग आणखी एक वाक्य लिहिले: तुझ्या मामांच्या डोळ्याचे काम चांगले झाले आहे. त्यांना फोन कर. पावसाचे काय झाले, ते त्यांनाच विचार. ते सांगतील.